मागे कोणाला उभं करायचं?

५ मार्च २०२५ च्या रात्री मी तंजावरच्या एका लॉजमध्ये जागा होतो. खरं तर ६ तारीख लागून दीड तास उलटला होता. दिवसभर सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद पाहून डोळे चुरचुरत होते, पण लिस्बनमध्ये बेनफिका आणि बार्सिलोना यांचा सामना सुरू होत होता आणि असल्या व्यसनांना वेळकाळ नसतो. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि उशी पाठीशी घेतली. बाविसाव्या मिनिटाला बेनफिकाचा पाव्हलिडिस एकटाच गोलाकडे सुटला. बार्सिलोनाचा मधला बचावपटू पाऊ कुबार्सी याने त्याला पाडलं. मागे दुसरं कोणी नव्हतं. रेफरीने लाल कार्ड काढलं. पोराचं वय अठरा वर्षं आणि दीड महिना.

चॅम्पियन्स लीगची बाद फेरी, परक्याचं मैदान आणि पुढे सत्तर मिनिटं दहा जणांनी काढायची. प्रशिक्षक हान्सी फ्लिकने पुढचा एक माणूस, दानी ओल्मो, बाहेर बोलावला आणि बचावात अराउहोला उतरवलं. गोलात उभा होता श्चेन्स्नी. हा पोलिश गृहस्थ आदल्याच वर्षी निवृत्ती जाहीर करून घरी बसला होता, त्याला परत बोलावून आणलेलं. त्याने त्या रात्री जे अडवलं ते अडवलं. मग एकसष्टाव्या मिनिटाला बेनफिकाच्या आंतोनियो सिल्वाकडून एक पास भलतीकडे गेला, राफिन्याने तो उचलला आणि बार्सिलोनाने सामना एका गोलाने जिंकला. सिल्वा तेव्हा एकवीस वर्षांचा, आणि तोही बचावपटू. म्हणजे त्या रात्रीच्या दोन्ही मोठ्या चुका आपापल्या क्लबच्या घरात वाढलेल्या दोन पोरांच्या नावावर लागल्या.

चुकीपेक्षा तिच्यानंतर जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुबार्सीची शिक्षा संपली आणि तो पुन्हा त्याच जागेवर उभा राहिला. २६ एप्रिलला सेव्हियामध्ये रियल माद्रिदविरुद्ध कोपा देल रेचा अंतिम सामना झाला. जादा वेळेत ३-२ असा सुटलेल्या त्या सामन्यातही मधल्या जागेवर तोच होता. आपल्याकडे असतं तर त्याला ‘थोडा अनुभव घेऊ दे’ म्हणून एखाद्या लहान संघाकडे धाडलं असतं, आणि दोन वर्षांनी कोणीतरी विचारलं असतं, तो मुलगा कुठे गेला हो?

फुटबॉलमध्ये कोवळी पोरं चमकतात ती बहुधा पुढच्या फळीत. पेले १९५८ मध्ये सतरा वर्षांचा होता. लामिन यमाल तर सोळाव्या वर्षी स्पेनकडून युरो स्पर्धेत खेळत होता. यामागे साधा हिशेब आहे. पुढे खेळणारा दहापैकी नऊ वेळा चेंडू गमावतो, एकदा गोल करतो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. मागचा माणूस नव्वद मिनिटं बिनचूक खेळतो, एकदा पाय घसरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रात तोच असतो. पुढच्याचं यश मोजलं जातं, मागच्याचं अपयश. म्हणून शहाणा प्रशिक्षक पोराला विंगवर पाठवतो. तिथे चूक झाली तर ती भरून काढायला मागे आठ माणसं असतात. स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, मागे फक्त गोलकीपर आणि जाळी. पाओलो माल्दिनी १९८५ मध्ये सोळाव्या वर्षी मिलानकडून उतरला, ते लोक अजून सांगतात. त्याचं कारण हेच, की असं क्वचित घडतं.

मग बार्सिलोनासारख्या क्लबने, जिथे एक सामना बरोबरीत सुटला तरी शहराचा चेहरा उतरतो, एका सोळा वर्षांच्या मुलाला मागे उभं करायचं धाडस कसं केलं? माझ्या मते हा प्रश्न धाडसाचा नाहीच. धाडस हा शब्द आपण प्रशिक्षकाच्या कौतुकासाठी वापरतो आणि त्यामुळे खरं कारण झाकलं जातं. खरं कारण असं की त्या घरात एकच बोली बोलली जाते. मुलाला ती आधीपासून येत असते आणि शेजारच्यालाही. ज्या घरात अशी बोली नसते ते घर मागची जागा विकत घेतं किंवा भाड्याने भरतं. आपलं भारतीय फुटबॉल हे असं भाड्याच्या बचावाचं घर आहे. तंजावरात बसून हे जास्त टोचतं. ते का, ते पुढे येईलच.

आधी कुबार्सीबद्दल थोडं. जिरोनाजवळच्या एस्तान्योल नावाच्या खेड्यातला हा मुलगा, घरचा व्यवसाय सुतारकाम. २०१८ मध्ये तो बार्सिलोनाच्या ला मासिया या प्रशिक्षणघरात आला. ला मासिया म्हणजे कातालान शेतकऱ्याचा वाडा. १७०२ साली बांधलेला एक वाडा क्लबच्या मैदानाशेजारी होता, तो १९७९ मध्ये बाहेरगावच्या मुलांचं वसतिगृह झाला. २०११ पासून ही मुलं सांत जोआन देस्पीतल्या नव्या इमारतीत राहतात, पण नाव जुन्या वाड्याचंच. १८ जानेवारी २०२४ ला कोपा देल रेमध्ये युनियोनिस्तास दे सालामांका या लहान क्लबाविरुद्ध कुबार्सी पहिल्यांदा मोठ्या संघात उतरला. आठ आठवड्यांनी, १२ मार्चला, नापोलीविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये त्याला त्यांच्या पुढच्या फळीतल्या ओसिमेनला सांभाळायचं होतं. बार्सिलोनाने सामना ३-१ असा जिंकला आणि सामन्याचा मानकरी ठरला हा सतरा वर्षांचा बचावपटू. पुढच्या दहा दिवसांत तो स्पेनकडून खेळला. त्या उन्हाळ्यात युरोच्या अंतिम चमूतून त्याला वगळलं, तर पठ्ठ्याने पॅरिसहून ऑलिंपिकचं सुवर्ण आणलं.

तो एकटा नव्हता. डावीकडचा आलेहांद्रो बाल्दे लहानपणापासून ला मासियातला. २०२१ मध्ये, अठरा पुरे व्हायच्या आधी, तो बायर्नविरुद्ध उतरला तेव्हा बार्सिलोनाने तीन गोल खाल्ले होते. एक्तोर फोर्तला २०२३ च्या डिसेंबरात संधी मिळाली, सतराव्या वर्षी. एरिक गार्सिया तिथेच वाढला, मँचेस्टर सिटीला गेला आणि २०२१ मध्ये परत आला. ही यादी लांबवण्यात मला रस नाही. शिवाय ती जरा फसवीही आहे, कारण जेरार्ड मार्टिन, ज्याने कोपाच्या अंतिम सामन्यात डावी बाजू सांभाळली, त्याचं बाळपण ला मासियात गेलेलं नाही. तो कोर्नेया नावाच्या छोट्या क्लबाकडून २०२३ मध्ये दुसऱ्या संघात आला. उजवीकडचा कुंदे सेव्हियाकडून विकत घेतलेला. आणि कुबार्सीच्या शेजारी उभा असायचा इन्यिगो मार्टिनेझ, चौतिशीकडे झुकलेला, बाहेरून आणलेला.

हा इन्यिगो माझ्या मुद्द्याला सोडत नाही, म्हणून त्याच्याकडे नीट पाहिलं पाहिजे. फ्लिक २०२४ च्या उन्हाळ्यात आला आणि त्याने बचावाची रेषा जवळजवळ मैदानाच्या मध्यावर नेली. या रेषेचं तंत्र सांगायला सोपं आणि करायला भयंकर आहे. समोरचा चेंडू मारायच्या क्षणी चौघांनी एकदम एक पाऊल पुढे टाकायचं. समोरचा ऑफसाइडमध्ये अडकतो. चौघांपैकी एकाचं पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा पडलं, तर चौघांचंही फुकट गेलं आणि समोरच्याला पन्नास मीटर मोकळं रान. २६ ऑक्टोबर २०२४ ला माद्रिदच्या मैदानावर रियल माद्रिद बारा वेळा ऑफसाइड सापडला, त्यात आठ वेळा एकटा एम्बापे. बार्सिलोना ४-० असा जिंकला. त्या रेषेत इन्यिगो हात वर करून बोलत होता आणि कुबार्सी त्याच्या आवाजावर पाऊल टाकत होता. म्हणजे पोराला मागे उभं करायचं तर शेजारी एक जाणता लागतो. त्या जाणत्याला मी नाकारत नाही. पण लक्षात घ्या, जाणत्याचा आवाज ऐकून त्याच क्षणी पाऊल उचलायला कान तयार असावा लागतो. तो एका हंगामात तयार होत नाही. पाय चेंडूवर, डोळे माणसावर आणि कान शेजाऱ्यावर, ही सवय अकराव्या वर्षी लागते. त्यानंतर ती शिकवता येते, पण मुरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या मागच्या गल्लीतून मृदंगाचा आवाज येत होता. एक मुलगा शिकत असावा. ‘ता दि तोम नम्’ चा तोच पाठ पुन्हा पुन्हा, आणि मधे शिकवणाऱ्याच्या तोंडचे बोल. मी कॉफी घेऊन तो ऐकत बसलो आणि रात्रीचा सामना मनात पुन्हा सुरू झाला. मृदंगम् वाजवणारा म्हणजे मैफलीचा स्टॉपर. गायक पुढे जातो, आडवळण घेतो, कल्पनास्वरांत हरवतो. मृदंगिया मागे आवर्तन धरून बसलेला असतो. गाणारा कोणत्या जागेवर, कोणत्या मात्रेला परतणार, हे त्याला गाणाऱ्याच्या आधी कळावं लागतं. त्याने नीट वाजवलं तर लोक गायकाला वाहवा देतात. तो एकदा चुकला तर सभागृहात मांडीवर ताल धरलेले पाचशे हात एकदम थबकतात. तनी आवर्तनम् ही त्याची एकट्याची जागा, पण ती तासाभराच्या सोबतीनंतर मिळते.

या तंजावरच्या मृदंगात मराठी माणसाचा हात आहे, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. तंजावर बाणीच्या आरंभाशी नारायणस्वामी अप्पा या मराठी वादकाचं नाव घेतलं जातं. मराठी कीर्तनाची जी परंपरा एकोणिसाव्या शतकात इथे रुजली, त्यात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार आले. त्यांचं कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. त्या कीर्तनाच्या ठेक्याचा इथल्या मृदंगावर ठसा उमटला, असं जाणकार मानतात. पुढे तंजावर वैद्यनाथ अय्यर झाले आणि त्यांच्याकडे शिकून पालघाट मणी अय्यर घडले. मणी अय्यरांचं मोठेपण त्यांच्या न वाजवण्यात होतं, असं जुने रसिक सांगतात. आघात कुठे टाळायचा हे त्यांना कळायचं. चांगला बचावपटूही सामन्यात मोजक्याच वेळा जमिनीवर घसरतो. बाकी वेळ तो योग्य जागी उभा असतो, म्हणून त्याला घसरावं लागत नाही.

कुंभकोणमजवळच्या उमयाळपुरमच्या शिवरामन यांनी दहाव्या वर्षी कुंभकोणमच्या देवळात पहिल्यांदा साथ केली. दहा वर्षांचा मुलगा मंचावर मागे बसवला जातो, याचं आपल्याला नवल वाटतं आणि आपण त्याला दैवी देणगी म्हणून मोकळे होतो. देणगी असेलच. पण तिथेही कारण तेच आहे: मुलगा आणि गायक एकाच बोलीत वाढलेले असतात. कृती ठाऊक असते, तिचा एडुप्पु, म्हणजे आवर्तनात ती कोणत्या जागेवरून उचलायची, तो ठाऊक असतो. गुरू शेजारी किंवा समोर बसलेला असतो. मूल चुकलं तरी तो ते ओळखतो आणि हाताच्या एका हालचालीने परत आणतो. बाणी म्हणजे हे. बाणी नुसती शैली नसते, त्या घरात एकमेकांवर ठेवायच्या भरवशाची ती रीत असते.

आता याच तंजावरची दुसरी बाजू. बृहदीश्वराच्या प्राकारात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे. भिंतीसमोर उभं राहून तो वाचायचा प्रयत्न केला तर मान दुखते, इतका तो लांब आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी इथे गादी घातली. त्या गादीने तमिळ देशात नाटक, नृत्य, वैद्यक आणि ग्रंथ यांची जी जोपासना केली तिला तोड नाही. तंजावरचे चार भाऊ, ज्यांनी भरतनाट्यमच्या मैफलीची रचना घडवली, याच दरबाराच्या आश्रयाने वाढले. पण याच राज्याने आपला बचाव मात्र भाड्याने घेतला. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन तंजावर बळकावलं. १७७६ मध्ये ते तुळजाजी राजांना परत मिळालं, तेव्हा कंपनीची शिबंदी राज्यात बसली आणि तिचा खर्च राज्याच्या बोकांडी. किल्ल्याचे पहारेकरी परके आणि पगार आपला. पुढे सरफोजी राजांना जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली उत्तम शिक्षण मिळालं. शरीरशास्त्र, वनस्पती, ग्रंथसंग्रह, सगळ्यांत ते रमले. १७९८ मध्ये ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. असा विद्वान राजा तयार झाला आणि त्याला राखायला किल्ल्यापलीकडे फारसं काही उरलं नाही. १८५५ मध्ये शेवटचे शिवाजी राजे पुरुष वारसाविना वारले आणि कंपनीने गादीच मोडीत काढली.

दरबाराने आपला बचाव परक्यांवर सोपवला. त्या गल्लीतल्या मृदंगियाने तो घरात वाढवला. दरबार गेला, मृदंग राहिला. कोणी म्हणेल, इतिहास इतका सोपा नसतो. नसतोच. नवाब, कंपनी, हैदर अली आणि फ्रेंच यांच्या कचाट्यात सापडलेल्या छोट्या राज्याला फारसे पर्याय नव्हते. तरीही ज्याने पहारा दिला त्यानेच शेवटी घर घेतलं, ही नोंद त्या भिंतीवरच्या वंशावळीखाली कोणीतरी खडूने लिहून ठेवावी असं मला वाटून गेलं.

आपल्या फुटबॉलमध्ये हा भाड्याचा बचाव रोजचा आहे. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी चालायचे, पुढे पाच झाले, २०२१-२२ पासून चार. संख्या कमी होत गेली तशी क्लबांची खरी पसंती उघडी पडली. परदेशी कुठे ठेवायचे? एक मधल्या बचावात, एक मधल्या फळीत, एक पुढे, चौथा सोयीने. तमिळनाडूचा क्लब चेन्नईयन २०१८ मध्ये बंगळुरूमध्ये अंतिम सामना जिंकला, तेव्हा तीनपैकी दोन गोल मैल्सन आल्वेस या ब्राझिलियन स्टॉपरने डोक्याने केले. सेनेगलचा मुर्तदा फाल गोवा, मुंबई आणि ओडिशा अशा संघांतून वर्षानुवर्षं भारतीय क्लबांचा मधला खांब राहिला. मोठा खेळाडू, वाद नाही. पण त्याच्याशेजारी जो भारतीय पोरगा उभा राहायला हवा होता तो विंगबॅक झाला, किंवा राखीव बाकावर बसून राहिला.

मराठी माणसाचं उदाहरण राहुल भेके. मुंबईचा पोरगा, जन्म १९९०. ईस्ट बंगाल, पुणे, केरळ असे मुक्काम करत बंगळुरूला पोहोचला. १७ मार्च २०१९ ला मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध ११७ व्या मिनिटाला त्याने डोक्याने मारलेल्या गोलावर बंगळुरू विजेता ठरला. त्यानंतर त्याच वर्षी तो भारताकडून पहिल्यांदा खेळला, अठ्ठाविसाव्या वर्षी. कुबार्सी सतराव्या वर्षी स्पेनकडून खेळला, भेके अठ्ठाविसाव्या वर्षी भारताकडून. दोघांच्या गुणवत्तेची तुलना करायचा वेडेपणा मी करत नाही. पण अकरा वर्षं एका बचावपटूला कोणी ओळखत नाही, ही उणीव त्या बचावपटूची नव्हे. भेकेने ती वर्षं कुठल्याही एका घरात काढली नाहीत. प्रत्येक क्लबात नवा प्रशिक्षक, नवी रेषा, नवी बोली.

गोव्याची गोष्ट वेगळी होती. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपो क्लबाने राष्ट्रीय साखळी आणि आय-लीग मिळून पाच विजेतेपदं घेतली. त्या संघाच्या मागच्या फळीत महेश गवळी आणि समीर नाईक होते, दोघे गोव्याचेच. गवळी टाटा फुटबॉल अकादमीतून तयार होऊन आला होता, म्हणजे तोही कुठल्या तरी घराचा होता. ही जोडी वर्षानुवर्षं एकत्र खेळली. कोण पुढे जाणार, कोण झाकणार, हे त्यांना विचारावं लागत नसे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही गोवेकर क्लब राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. त्याची कारणं राजकारणाची आणि पैशांची होती, त्यात मी शिरत नाही. पण एका घराचं दार बंद झालं, की तिथली बोलीही गल्लीतून हद्दपार होते. नुकसान सगळ्यात आधी मागच्या फळीला होतं.

आणि कोल्हापूर. कोल्हापूरकर रागावतील, पण बोलायला हवं. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा तालीम, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं म्हणजे नुसते संघ नाहीत. ती पेठांची ओळख आहे. शाहू स्टेडियममध्ये सामना असला की पेठ रिकामी होते. कुस्तीच्या तालमीतून फुटबॉलचे संघ उभे राहिले, असं दुसरं शहर मला ठाऊक नाही. तालीम हा शब्दच पाहा. जिथे वस्ताद पोराला अंगाखांद्यावर खेळवतो, पडायचं कसं आणि धरायचं कसं दोन्ही शिकवतो, ती जागा. ला मासियाच्या वाड्याला आपल्या भाषेत शब्द शोधायचा झाला तर ‘अकादमी’ नव्हे, ‘तालीम’ हाच नेमका. म्हणजे आपल्याकडे घर होतं, बोली होती, वस्ताद होता. पण बक्षिसं वाढली, चढाओढ वाढली आणि बाहेरून, परदेशातूनही खेळाडू आणायची हौस आली. मी जे सामने पाहिले त्यांत पेठेतलं कोवळं पोर दिसायचं ते बहुधा कडेला, पळण्यासाठी. मागचा खांब आणलेला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, तोही पुढच्या फळीत. त्याच संघाच्या बचावपटूंत अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता, पेठेतला स्टॉपर मात्र नव्हता.

आता आक्षेप. पहिला असा की बार्सिलोनाने हे काही तत्त्वासाठी केलं नाही, खिसा फाटला म्हणून केलं. बरोबर आहे. २०२१ मध्ये क्लबवर एक अब्ज युरोहून अधिक कर्ज होतं, मेस्सीलाही ठेवता आलं नाही, आणि ला लीगाच्या पगारमर्यादेमुळे बाजारात मोकळेपणाने फिरता येत नव्हतं. पोरं खेळली कारण दुसरं कोणी परवडत नव्हतं. रियल माद्रिदचंही तेच. ९ नोव्हेंबर २०२४ ला ओसासुनाविरुद्ध बचावपटू मिलितावच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली म्हणून राउल आसेन्सियो उतरला आणि पहिल्याच सामन्यात बेलिंगहॅमच्या गोलाचा पास त्याने दिला. मुलगा क्लबच्याच अकादमीतला, पण दार उघडलं दुखापतीने. मात्र गरज सगळ्यांनाच पडते. गरज पडली तेव्हा घरात कोणी तयार होतं का, हा खरा प्रश्न. आपल्या क्लबांचीही पैशांची ओढाताण रोज चालू असते, म्हणून तिथे कुबार्सी निघतो का? बाजारातला स्वस्त परदेशी निघतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: पोरांची किंमत मोजावी लागते. ६ मे २०२५, मिलान. इंटरविरुद्ध उपांत्य फेरीचा दुसरा सामना. पहिल्या अर्ध्यात कुबार्सीने इंटरच्या लौतारोला पाडलं, पेनल्टी गेली. मग बार्सिलोना मागून येऊन ३-२ असा पुढे गेला. नव्वद मिनिटं संपली आणि त्र्याण्णवाव्या मिनिटाला इंटरच्या असेर्बीने बरोबरी केली. असेर्बी सदतीस वर्षांचा, तोही स्टॉपर! जादा वेळेत ४-३, दोन सामने मिळून ७-६, बार्सिलोना बाहेर. शेवटच्या क्षणी अनुभवाने पोरांना शिकवलं, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. त्या रात्री ती रेषा फार पुढे होती आणि थकलेली होती. मुलगा वाढवायचा तर अशा दोन-तीन रात्री पदरात घ्याव्याच लागतात. ज्याला त्या नको असतील त्याने खुशाल भाड्याचा खांब आणावा, पण मग पंचवीस वर्षांनी आपला स्टॉपर का नाही, असं विचारू नये.

तिसरा आक्षेप माझाच, माझ्यावर. बाणीचं, घराचं इतकं कौतुक करताना घराचं दार कोणासाठी उघडं होतं हे विसरता येत नाही. तंजावरात मृदंग वाजवणारे कोण आणि कातडं कमावून, ताणून, शाई चढवून तो बांधणारे कोण, यांत मोठी भिंत होती. इथल्या सेबास्टियनच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या मृदंग बांधले. त्याच घराण्यातल्या पार्लांडूंनी मणी अय्यरांसाठी नाद शोधला. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये या दलित ख्रिस्ती कारागिरांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे त्यांची नावं बाहेर आली. ज्यांच्या बोटांना नाद सगळ्यात आधी कळायचा त्यांना मंचावर बसवलं नाही. म्हणजे एकच बोली असलेलं घर सहज बंदिस्त होतं. ला मासिया इथे पुढे गेलं. बाल्देचे वडील गिनी-बिसावचे, यमालचे मोरोक्कोचे, आणि बोली त्यांनाही शिकवली जाते. तिथे सगळं गोड आहे असं नाही. दरवर्षी कितीतरी मुलं सामान बांधून घरी जातात आणि त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत. पण दार जातीवर उघडत नाही, पायावर उघडतं. कोल्हापूरच्या तालमींची ही जमेची बाजू कोणी गमावू नये. तिथे पेठ विचारली जाते, पेठेतला कोण ते फार विचारलं जात नाही.

२५ नोव्हेंबर २०१२ ला लेवान्तेविरुद्ध दानी आल्वेस जखमी होऊन बाहेर गेला, मार्टिन मोंतोया आत आला, आणि उरलेला बराच वेळ बार्सिलोनाचे मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू ला मासियाचे होते. सामना ४-० सुटला. लोक त्या दिवसाची आठवण शावी-इनिएस्ता-मेस्सीसाठी काढतात. मला आठवतात ते मागचे: मोंतोया, पिके, पुयोल, आल्बा. पुढचे कितीही मोठे असोत, तो दिवस मागच्या चौघांमुळे शक्य झाला, कारण मागचा खांब घरचा करणं सगळ्यात अवघड असतं.

म्हणून कोल्हापूरच्या तालीम मंडळांना एक विनंती. पुढच्या हंगामात बाहेरून आणायचेच असतील तर फॉरवर्ड आणा, विंगला आणा, हवं तर गोलकीपर आणा. स्टॉपरच्या जागी मात्र पेठेतलं सतरा वर्षांचं एक पोर उभं करा, शेजारी तिशीतला एक जाणता खेळाडू द्या आणि हंगाम संपेपर्यंत ती जागा बदलू नका. त्याच्या चुकीने गोल बसेल, कदाचित सामनाही जाईल, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून त्याच्या नावाने ओरडाही होईल. पुढच्या सामन्याची यादी लिहिताना पहिलं नाव त्याचंच लिहा.